भिंतीपासून विहिरीपर्यंत

जूनच्या तोंडावर वसई, नालासोपारा, विरारच्या सोसायट्यांच्या फळ्यांवर एक सूचना हमखास लागते. रविवारी सकाळी अकरा वाजता पेस्ट कंट्रोल होईल, सभासदांनी ओट्याखालचे सामान काढून ठेवावे, लहान मुले व पाळीव प्राणी दूर ठेवावेत. सूचनेत माणसांची काळजी असते, भांड्याकुंड्यांची असते, कुत्र्यामांजरांचीही असते. फवारणी आटोपल्यावर पंप कुठे धुवायचा, याबद्दल एक अक्षर नसते. मग पंप उलटा होतो, उरलेले दुधाळ पाणी चेंबरमध्ये जाते, वरून दोन मग साधे पाणी, झाकण पडते आणि माणूस पुढच्या इमारतीकडे निघतो. त्याचे काम तिथे संपते. या लेखाचे काम तिथून सुरू होते.

महाराष्ट्रात कीटकनाशक म्हटले की डोळ्यांपुढे विदर्भातला कापूस येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा सगळ्या राज्याने हळहळ व्यक्त केली. शहरातल्या माणसाला मात्र आपणही हीच रसायने वापरतो असे सहसा वाटत नाही. त्याला भाषेचीही साथ आहे. आपण झुरळांचे ‘औषध’ आणतो, उंदरांचे ‘औषध’ ठेवतो, वाळवीला ‘औषध’ मारून घेतो. विषाला औषध म्हणण्याची सवय इतकी मुरली आहे की दुकानदारालाही तोच शब्द कळतो. सायपरमेथ्रिन हे नाव कापसावरच्या डब्यावर असते आणि झुरळांच्या स्प्रेवरही असते. क्लोरपायरीफॉस भाजीवर पडते आणि बंगल्याच्या पायातही जिरते. फरक मात्रेचा आणि ठिकाणाचा.

आणि वसईत ठिकाणाला फार अर्थ आहे. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. डोंगरावर पडलेले पाणी ज्या सखल पट्ट्यातून समुद्राकडे जाते, त्या पट्ट्यातच शहर वसले आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती, आज ती कितीतरी पुढे गेली असणार हे सकाळच्या विरार लोकलमध्ये उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. नळाला येणारे पाणी मुख्यतः सूर्या प्रकल्पाचे, म्हणजे धामणी धरणाचे. थोडेफार उसगाव, पेल्हार आणि पापडखिंडीचे. धरणांचे पाणी वरून, दुरून येते आणि आपल्या फवारणीपासून ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पण वसई नुसत्या नळावर कधीच जगली नाही. तिचे खरे पाणी जमिनीत आहे.

पश्चिम पट्ट्यातल्या गावांत, वाड्यांत, घरामागे विहीर आणि वाडीच्या कडेला बावखल ही जोडी पिढ्यान्‌पिढ्यांची. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे गोड्या पाण्याचे डबके, पण डबके म्हणून त्याची किंमत करू नये. त्यावर रहाट फिरत, त्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजी आणि फुले होत, आणि तेच पाणी झिरपून शेजारच्या विहिरी गोड राहत. रेताड जमिनीत गोड पाण्याचा हा थर खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टँकरवाल्यांनी विहिरी उपसायला सुरुवात केली आणि काही ठिकाणी पाणी मचूळ होऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभारले त्याच्या मुळाशी हेच गणित होते. त्या लढ्याने वसईकरांना एक गोष्ट पक्की शिकवली, की शेजाऱ्याने उपसलेले पाणी आपल्याही विहिरीतले असते. शेजाऱ्याने जमिनीत ओतलेल्या गोष्टीलाही हाच नियम लागू पडतो. तो धडा मात्र अजून गिरवायचा आहे.

घरातल्या विषांची आपली वंशावळ मोठी रंजक आहे. डीडीटीची पांढरी पावडर मलेरिया निर्मूलनाच्या सरकारी पथकांबरोबर घराघरांत पोचली. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता आणि पुढे आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला डीडीटी बनू लागले. मग गॅमेक्सीन आले, ज्याचा वास आजही साठीच्या पुढच्या माणसाला ओळखता येतो. ढेकणांसाठी टिक-ट्वेंटी होते. खाटा उन्हात काढून त्यांच्या सांध्यांत ते सोडणे हा रविवारचा उद्योग असे. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला, गॅमेक्सीनच्या कुळातले बीएचसी १९९७ मध्ये बाद झाले. त्यांच्या जागी आलेल्या पायरेथ्रॉइड गटाने घराघरांत राज्य सुरू केले. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात निसर्गतः सापडणाऱ्या विषाची ही कारखान्यातली भावंडे. ॲलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, इमिप्रोथ्रिन. कासवछाप अगरबत्तीपासून प्लगमधल्या बाटलीपर्यंत आणि लक्ष्मणरेखेच्या खडूपासून लाल-काळ्या हिटच्या डब्यापर्यंत बहुतेक सगळीकडे यांतलेच कोणी ना कोणी असते. उवांच्या औषधातले परमेथ्रिन याच घरातले, आणि ते तर डोक्यावरून थेट मोरीत जाते.

पायरेथ्रॉइडची कीर्ती ‘माणसाला सौम्य’ अशी आहे आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. आपले यकृत ही रसायने झटपट मोडते. डब्यावरचा त्रिकोण तेच सांगतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर तिरका चौकोन असतो आणि त्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण. लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे त्यामानाने निरुपद्रवी. ही वर्गवारी होते ती प्रयोगशाळेतल्या उंदरांसारख्या प्राण्यांना किती मात्रा मारते त्यावरून. मासा त्या परीक्षेला बसलेलाच नसतो. निळ्या त्रिकोणाचे डेल्टामेथ्रिन एक लिटर पाण्यात एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग इतके असले तरी अनेक माशांना भारी पडते. कोलंबी, जवळा, चिंबोरी यांचे तर त्याहून वाईट, कारण ही सगळी मंडळी झुरळाचे दूरचे नातलग आहेत. सांधेदार पाय, बाहेरून कवच, तशीच मज्जासंस्था. झुरळाच्या मज्जातंतूला पकडणारे रसायन कोलंबीला सोडून देईल अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. नायगाव, पाचूबंदर, अर्नाळ्याच्या कोळणीच्या टोपलीत जे येते त्यातल्या कित्येक जिवांचे लहानपण खाडीच्या गाळात आणि तिवरांच्या मुळांत जाते, आणि पायरेथ्रॉइडला पाण्यापेक्षा गाळातच राहायला आवडते.

पण म्हणून घरातल्या प्रत्येक बाटलीकडे सारख्याच संशयाने पाहायचे का? इथे माझे मत जरा वेगळे आहे, आणि ते आकड्यांवर उभे आहे.

झुरळांच्या स्प्रेचा मोठा डबा घ्या. त्यात साधारण ०.२ टक्के सायपरमेथ्रिन असते, म्हणजे अख्ख्या डब्यात अर्धा-पाऊण ग्रॅम. मच्छरांच्या प्लगमधल्या बाटलीतही तितपतच विष असते, आणि ते हवेत जाते, भिंतीवर बसते, पाण्यापर्यंत फार थोडे पोचते. कॉइलचा प्रश्न फुप्फुसांचा आहे. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण शंभरेक सिगारेटींइतके असतात, असे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने काही वर्षांपूर्वी दाखवले होते. झुरळांच्या जेलची तीस ग्रॅमची नळी तर पाण्याच्या दृष्टीने सर्वांत सभ्य. ०.०५ टक्के फिप्रोनिल म्हणजे सगळ्या नळीत १५ मिलिग्रॅम, तेही कपाटाच्या बिजागरीमागे ठिपक्याठिपक्यांनी.

आता वाळवी घ्या. इमारत बांधताना पायात आणि जोत्यात जी ‘ॲन्टी-टर्माइट’ प्रक्रिया करतात तिचे भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याप्रमाणे जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर आणि पायाच्या उभ्या भिंतींना दर चौरस मीटरला साडेसात लिटर द्रावण द्यायचे. क्लोरपायरीफॉस वापरले तर द्रावण एक टक्क्याचे. म्हणजे १०० चौरस मीटरच्या साध्या बंगल्याच्या नुसत्या जोत्याला ५०० लिटर द्रावण आणि त्यात ५ किलो शुद्ध विष, उभ्या भिंती वेगळ्या. स्प्रेच्या डब्यांच्या भाषेत बोलायचे तर वजनाने आठेक हजार डबे, एका दिवसात, एका प्लॉटवर, जमिनीत.

वाडीतली एक मध्यम विहीर धरू. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी. त्यात साधारण २८ हजार लिटर पाणी मावते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोरपायरीफॉसची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडायला अख्ख्या विहिरीत एक ग्रॅमही लागत नाही. एक टक्क्याच्या द्रावणाचे जेमतेम ८५ मिलिलिटर पुरतात. चहाचा एक लहान कप. पाचशे लिटरपैकी एक कप.

हा कप विहिरीत जातोच असे नाही, आणि इथे घाबरवण्याचा हेतूही नाही. क्लोरपायरीफॉस पाण्यात नावापुरतेच विरघळते, लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या आसपास, आणि मातीतल्या सेंद्रिय अंशाला चिकटून बसते. काळ्या कसदार जमिनीत ते बरेचसे जागच्या जागी राहते. वसईच्या रेताड पट्ट्यात चिकटायला सेंद्रिय अंश कमी आणि विहीर मात्र भिंतीपासून हातभर. जुन्या घरांत विहीर मुद्दाम मोरीजवळ खणलेली असते, पाणी ओढून न्यायला नको म्हणून. त्याच मोरीच्या भिंतीला ओल येते, त्याच ओलीला वाळवी लागते आणि त्याच भिंतीत फुटाफुटावर भोके पाडून लिटर-लिटर औषध सोडले जाते.

गेल्या काही वर्षांत क्लोरपायरीफॉसचे नाव खराब झाल्याने पुष्कळ ठिकाणी इमिडाक्लोप्रिड आले आहे. ‘वास येत नाही, सुरक्षित आहे’ अशी त्याची जाहिरात तोंडी चालते. वजनाने ते खरेच फार कमी लागते. मात्र ते लिटरमागे सहाशे मिलिग्रॅमच्या वर विरघळते, क्लोरपायरीफॉसच्या शेकडो पट. जे विरघळते ते पाण्याबरोबर चालते. कोरड्या पठारावर जो बदल शहाणपणाचा ठरेल तो उथळ विहिरींच्या गावात ठरेलच असे नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही.

आयएस ६३१३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आणि झरे या रसायनांनी दूषित होणार नाहीत याची काळजी घ्यावी, असे कलम आहे. पाऊस पडत असताना किंवा माती ओली असताना प्रक्रिया करू नये, असेही त्यात आहे. ज्यांनी ते लिहिले त्यांना विषय कळत होता. ते कलम साइटवर कोणी वाचलेले मात्र माझ्या पाहण्यात नाही.

समजा एखाद्या वसईकराने पाणी तपासून घ्यायचे ठरवले, तर पुढे काय होते? गावपातळीवरच्या तपासणी संचात आम्लता, क्षार, नायट्रेट, क्लोरीन, जीवाणू हे कळते. कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतले महागडे यंत्र लागते आणि काय शोधायचे ते आधी सांगावे लागते. आपले पिण्याच्या पाण्याचे मानक, आयएस १०५००, २०१२ साली सुधारले गेले. त्यातल्या कीटकनाशकांच्या यादीत डीडीटी आहे, लिंडेन आहे, एंडोसल्फान आहे, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉसही आहेत. आज घराघरांत असलेली सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांतले एकही नाव नाही. यादी आजोबांच्या कपाटाची आणि वापर नातवंडांचा, असा हा प्रकार.

यातली विसंगती आणखी पुढे जाते. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली-मुंबईकडच्या बाटलीबंद पाण्यात लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस सापडल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये शीतपेयांची पाळी आली, संसदेत गदारोळ झाला, शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि तिने २००४ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. या सगळ्यातून बाटलीबंद पाण्याला युरोपसारखे कडक माप लागले. कोणतेही एक कीटकनाशक लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर नको, सगळी मिळून ०.५ च्या वर नकोत. विहिरीच्या आणि नळाच्या पाण्याला मात्र क्लोरपायरीफॉससाठी ३० मायक्रोग्रॅम चालतात. तीनशे पट फरक. बाटली विकत घेणाऱ्याचे पोट आणि विहिरीवर भांडे भरणाऱ्याचे पोट यांत एवढे अंतर का असावे, याचे उत्तर शास्त्रात मला कुठे सापडलेले नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. विहिरींच्या गावात डास होतातच. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर जो अहवाल दिला त्यात शहरातल्या विहिरींकडेच बोट होते, कारण मलेरिया पसरवणारा शहरी डास स्वच्छ, स्थिर पाण्यातच अंडी घालतो. विहिरी बुजवा, झाका, असा आग्रह धरला गेला आणि पारशी समाजासह अनेकांनी धर्माच्या कारणाने त्याला विरोध केला. वसईत विहिरी राहिल्या, त्याबरोबर हा प्रश्नही राहिला. आज आरोग्य कर्मचारी साठलेल्या पाण्यात टेमेफॉस टाकतात, लोक त्याला ‘अबेट’ म्हणून ओळखतात. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ते पिण्याच्या पाण्यातही चालवून घेता येते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. हिशेबाने टाकले तर आक्षेप घ्यायला जागा नाही. डोळ्यांच्या अंदाजाने टाकले तर आहे. गप्पी मासे सोडणे हा जुना आणि चांगला उपाय. पण ज्या बावखलात पालिकेने गप्पी सोडायचे त्याच्याच काठाला धूर फवारणीची गाडी फिरवायची, यात एका खात्याचा उजवा हात डाव्याला ओळखत नाही असे दिसते. डिझेलमध्ये कालवलेल्या पायरेथ्रॉइडचा तो धूर उडणारा डास थोडा वेळ कमी करतो, आणि नगरसेवकाची गल्लीतली हजेरी लावतो. डेंग्यूची साथ पेटलेली असताना त्याचा उपयोग आहे. एरवी मला तो बराचसा देखावा वाटतो.

नालासोपाऱ्याच्या संतोष भुवन किंवा तुळींजच्या चाळीत राहणाऱ्या बाईला कॉइल लावू नको असे सांगणे सोपे आहे. तिच्या दारात उघडे गटार आहे, खोलीला एकच खिडकी आहे आणि पोराला गेल्या वर्षी मलेरिया झालेला आहे. दहा रुपयांची अगरबत्ती ती घेणारच. तिने घेऊ नये अशी एकच अगरबत्ती आहे, जिच्या पुड्यावर नोंदणी क्रमांक नसतो. असा माल बाजारात फिरतो आणि त्यात नक्की काय आहे हे कोणी सांगू शकत नाही. बाकी पाण्याचा हिशेब मांडला तर तिच्या खोलीचा वाटा क्षुल्लक आहे. जोत्यात पाच किलो जिरवणारे बंगले आणि पिंपांनी औषध आणणारे टॉवर हे खरे ग्राहक. आपली चर्चा मात्र फिरून फिरून कॉइलवरच येते, कारण तिचा धूर डोळ्यांना दिसतो.

चेंबरमध्ये ओतलेल्या पाण्याचे पुढे काय होते तेही पाहिले पाहिजे. सांडपाणी शुद्ध करायला या शहराकडे वर्षानुवर्षे विरारच्या बोळिंजचे एकच केंद्र राहिले, दिवसाला ३० दशलक्ष लिटरचे. शहराच्या सांडपाण्यापुढे ते अपुरेच, आणि त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने महापालिकेला दंडही ठोठावला. म्हणजे बहुतेक मोऱ्यांचे पाणी नाल्यात, नाल्यातून खाडीत. पंप धुतल्याचे पाणी, उवांच्या औषधाचे पाणी, बेसिनच्या जाळीवर ठेवलेल्या आणि रोज थोड्या थोड्या झिजणाऱ्या डांबराच्या गोळ्या, सगळे त्याच वाटेने. त्या गोळ्यांचे तर मला नेहमी नवल वाटते. झुरळे त्यांना फारशी भीक घालत नाहीत, तरी मराठी घरातल्या मोरीत त्यांचे स्थान देव्हाऱ्यातल्या सुपारीइतके पक्के.

शहरी घरांच्या विषाने पाणी बिघडते हे इतरत्र नीट मोजले गेले आहे. अमेरिकेने २००० नंतर क्लोरपायरीफॉस आणि डायझिनॉन घरगुती वापरातून काढले आणि लोक पायरेथ्रॉइडकडे वळले. काही वर्षांतच बर्कलीच्या डोनाल्ड वेस्टन यांनी कॅलिफोर्नियातल्या रोझविल या निव्वळ निवासी उपनगराच्या ओढ्यांतला गाळ तपासला. शेत नाही, कारखाना नाही, तरी त्या गाळात कोलंबीच्या जातकुळीतले बारीक जीव मरत होते, पायरेथ्रॉइडमुळे. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने व्यावसायिक फवारणीवाल्यांना नियम घातले. पावसात घराबाहेर फवारायचे नाही, पाणी वाहून नेणाऱ्या गटारांच्या तोंडावर फवारायचे नाही, सरसकट न मारता भेगेपुरते मारायचे. इंग्लंडची गोष्ट अधिक चकित करणारी. तिथल्या वीस नद्यांच्या नमुन्यांपैकी ९८ टक्क्यांत फिप्रोनिल निघाले, आणि तिथे ते शेतीत जवळपास वापरतच नव्हते. बोट गेले ते कुत्र्यामांजरांच्या मानेवर पिसवांसाठी टाकायच्या थेंबांकडे. वसई-विरारमध्येही आता घरोघर पाळीव कुत्री आहेत. क्लोरपायरीफॉसचे नाव तर २०२५ मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत, काही सवलती ठेवून का होईना, चढले.

आपल्याकडे कायद्यात पोकळी नाही, अडचण अशी की त्याचे तुकडे वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो, त्यासाठी विज्ञानाची किंवा कृषीची पदवी आणि म्हैसूरच्या सीएफटीआरआयसारख्या संस्थेतले प्रशिक्षण लागते. परवाना कृषी खात्याकडून, धूर फवारणी पालिकेच्या आरोग्य विभागाची, विहिरींची पाहणी भूजल यंत्रणेची, खाडी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. परवाना भिंतीवर टांगणारा पदवीधर आणि भोकात नळी धरणारा मुलगा यांची भेट फार तर महिन्याच्या पगाराला होते. रिकाम्या डब्यांचे तेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कीटकनाशकांचे डबे ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून वेगळे काढायला आणि दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारायला सांगितले होते. तीनशे चौरस किलोमीटरच्या वरच्या या महापालिकेला त्या हिशेबाने पंधराहून अधिक केंद्रे लागतील. तुमच्या प्रभागातले कुठे आहे, हे घंटागाडीवाल्याला एकदा विचारून पाहा. बहुतेकांचा डबा ओल्या-सुक्याच्या गर्दीत गोखिवऱ्याच्या भोईदापाड्यातल्या कचराभूमीवर पोचतो.

मग करायचे काय? बरेचसे घरच्या घरी होते आणि ते आजीलाही माहीत होते. बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या जेलचेच काम करतात. खिडकीला जाळी, टाकीला घट्ट झाकण, आठवड्यातून एक कोरडा दिवस, विहिरीवर बारीक जाळी आणि आत गप्पी. सोसायटीने कंत्राट देताना चेंबरमध्ये ओतायचे नाही, उरलेले द्रावण परत न्यायचे, जेल आणि भेगेपुरती फवारणी करायची, अशा तीन ओळी जास्तीच्या लिहून घेतल्या तर रुपयाही वाढत नाही. पंप धुतलेले पाणी पुढच्या द्रावणात वापरता येते, जाणकार कारागीर तसेच करतात. वाळवीचे काम काढताना माणसाला आधी विहीर, बोअर आणि बावखल दाखवावे आणि विहिरीच्या बाजूच्या भिंतीत औषध सोडू नये. त्या बाजूला ओल काढणे, लाकूड जमिनीपासून उचलणे, बोरॉनच्या क्षारांनी लाकूडच मुरवणे असे मार्ग आहेत. ते संथ आहेत आणि दहा वर्षांची लेखी हमी त्यांना मिळत नाही.

अडचण हंगामाची आहे. पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती वाळवीचे पंखवाले किडे घोंगावतात, सकाळी केरात पंखांचा ढीग निघतो आणि घरातल्यांना भिंत आठवते. फोन जातो, माणूस येतो, आठवड्याभरात काम होते. जून-जुलै. तोवर विहीर भरत आलेली असते, वाडीत पाणी कुदळीच्या एका घावावर लागते, बावखल काठोकाठ असते आणि पाया, माती, विहीर सगळे एकाच ओलीत उभे असते. मानकाने ज्या दिवसांत नको म्हटले आहे नेमके तेच हे दिवस. माती कोरडी, पाणी खोल आणि कामाला योग्य अशी वेळ एप्रिलची. पण एप्रिलमध्ये वाळवी दिसत नाही. तेव्हा घरात बोलणे चाललेले असते ते टँकरच्या भावाचे.